अभिभाषणानंतरचा अर्धा तास

आमच्या महाविद्यालयात युवा संसद नेहमीच होत आली आहे. तिचा साचा ठरलेला असतो. शपथविधी, प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, एखादं विधेयक आणि मध्ये कुठेतरी विरोधकांचा सभात्याग. सभात्याग मुलांना फार आवडतो. मी नाशिकमध्ये राज्यशास्त्र शिकवते, आणि मला नेहमी वाटायचं की संसदेचं वर्ष ज्या प्रसंगाने सुरू होतं तो आपण कधीच उभा करत नाही. राष्ट्रपती येतात, दोन्ही सभागृहं एकत्र बसून त्यांचं ऐकतात आणि मग कामाला लागतात. पुस्तकात अनुच्छेद ८७ खाली याच्या चार ओळी असतात, परीक्षेत फार तर टीप विचारतात. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त हे अभिभाषण, म्हणजे राष्ट्रपतींचं भाषण, करायचं ठरवलं. अधिवेशनाच्या बोलावण्यापासून ते त्याबद्दल राष्ट्रपतींचे आभार मानणाऱ्या प्रस्तावावरच्या मतदानापर्यंत, मधलं काहीही न गाळता.

प्राचार्यांना कल्पना आवडली. त्यांच्या मनात चित्र होतं ते एका देखण्या समारंभाचं: स्वागत, भाषण, राष्ट्रगीत, चहा. माझ्या मनात होता तो राष्ट्रपती निघून गेल्यानंतरचा भाग. या दोन चित्रांची ओढाताण शेवटपर्यंत चालली, आणि ती चालली हे बरंच झालं, कारण त्यामुळे मला मुलांना आणि सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं की मला नेमकं काय महत्त्वाचं वाटतं.

भूमिका वाटताना वर्गाचा भूगोल आपोआप समोर आला. नाशिक शहरातली मुलं होतीच, शिवाय निफाड, सिन्नर, दिंडोरी, मालेगाव, पेठ, सुरगाणा. दिंडोरीच्या मुलांनी विरोधी बाक मागून घेतले. दादासाहेब गायकवाड त्यांच्याच तालुक्यातल्या आंबे गावचे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले दादासाहेब आपल्याला आठवतात, पण १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि पुढे राज्यसभेतही बसले, हे या मुलांनी स्वतः शोधून काढून मला सांगितलं. राष्ट्रपतिपदासाठी आम्ही रीतसर निवडणूक घेतली. निवडून आली ती तृतीय वर्षाची, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची विद्यार्थिनी. शहरात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते, वर्गात कमी बोलते, पण वाचायला उभी राहिली की सगळे ऐकतात.

पहिलं काम बोलावण्याचं. मुलांचा समज असा की राष्ट्रपती पाहुणे म्हणून येतात, म्हणजे निमंत्रण संसदेनं द्यायचं. आपल्याकडे नेमकं उलट आहे. अनुच्छेद ८५ नुसार दोन्ही सभागृहांना राष्ट्रपतीच बोलावतात. तारीख सरकार ठरवतं, आदेश त्यांच्या नावाने निघतो आणि मग लोकसभेचे आणि राज्यसभेचे महासचिव आपापल्या प्रत्येक सदस्याला अभिनिमंत्रणाचं पत्र पाठवतात. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. आमच्या दोन 'महासचिवां'नी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने पत्र तयार करून हातात दिलं आणि वहीत सही घेतली. एकजण म्हणाला, 'व्हॉट्सॲपवर टाकलं असतं की.' पण आपल्या नावाचा कागद हातात आल्यावर तोच मुलगा पुढच्या सरावाला सगळ्यांच्या आधी हजर होता.

याच टप्प्यावर मी त्यांना दुसऱ्या देशांच्या रीती सांगितल्या. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांना काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून बोलवावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये तिथलं सरकारी कामकाज ठप्प होतं, तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी यांनी तो ठराव पुढे नेला नाही, आणि २९ जानेवारीला व्हायचं भाषण ५ फेब्रुवारीला झालं. तिथेही ही रीत सलग चालत आलेली नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० मध्ये स्वतः जाऊन भाषण केलं, जेफर्सन यांनी १८०१ मध्ये लेखी निवेदन पाठवायला सुरुवात केली, आणि पुन्हा स्वतः उभं राहून बोलण्याची प्रथा १९१३ मध्ये विल्सन यांनी आणली. ब्रिटनमध्ये राजा कॉमन्सच्या, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांच्या, सभागृहात पाऊल ठेवत नाही. १६४२ मध्ये पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला सैनिक घेऊन तिथे शिरला होता. आजही राजाचं भाषण लॉर्ड्सच्या सभागृहात होतं, आणि कॉमन्सच्या सदस्यांना बोलवायला आलेल्या 'ब्लॅक रॉड' या अधिकाऱ्याच्या तोंडावर आधी दार लावून घेतलं जातं. त्याने तीनदा ठोठावलं की मग उघडतं.

दाराची गोष्ट मुलांना भलतीच भावली. मालेगावच्या एका मुलाने विचारलं, 'मॅडम, मग आपल्याकडे राष्ट्रपती कुणाच्या घरी येतात?' मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर संविधानात आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात नसतं. अनुच्छेद ७९ सांगतो की संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. आपले राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात, तरी ते संसदेचा भाग असतात. ते परक्या घरात येत नाहीत, त्यामुळे कुणी कुणाला दारात अडवण्याचा प्रश्न येत नाही. जागेचं म्हणाल तर वर्षानुवर्षं हा प्रसंग जुन्या इमारतीच्या मध्यवर्ती सभागृहात झाला, जिथे संविधान सभा बसली होती. नवी इमारत २०२३ मध्ये झाली. तिथे लोकसभेच्या दालनात ८८८ आसनं आहेत आणि दोन्ही सभागृहं एकत्र बसतात तेव्हा १,२७२ जणांची सोय होते. ३१ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचं अभिभाषण तिथे झालं. त्याचं चित्रण आम्ही वर्गात थांबवत थांबवत पाहिलं: बग्गी, अंगरक्षक दल, पुढे सेंगोल हा राजदंड, मागे मिरवणूक. मुलं कागदावर कोण कुठे उभं राहिलं याचे नकाशे काढत होती.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसवावी लागली. एखाद्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर अनुच्छेद १०८ खाली संयुक्त बैठक होते. तिथे लोकसभेचे अध्यक्ष पीठासीन असतात, चर्चा होते, मतदान होतं. १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये अशा बैठका झाल्या. अभिभाषण वेगळं. तिथे कुणी पीठासीन नसतं, मतदान नसतं, हरकतीचा मुद्दा नसतो. मंचावर राष्ट्रपती, आणि दोन्ही बाजूंना राज्यसभेचे सभापती व लोकसभेचे अध्यक्ष. त्यामुळे आमच्या मंचावर तीनच खुर्च्या ठेवल्या. प्रमुख पाहुण्यांसाठी चौथी हवी असा आग्रह झाला, तो मी मानला नाही. पाहुण्यांना प्रेक्षकांत, पहिल्या रांगेच्या मागे बसवलं.

राष्ट्रपती काय वाचणार, हे काम सगळ्यांत रंगलं. अभिभाषण म्हणजे सरकारचं धोरणाचं निवेदन. वेगवेगळ्या मंत्रालयांकडून मजकूर येतो, मसुदा बनतो, मंत्रिमंडळ त्याला मंजुरी देतं. राष्ट्रपती ते वाचतात आणि वाचताना 'माझं सरकार' म्हणतात. आमचं मंत्रिमंडळ कँटीनमध्ये बसायचं. पंतप्रधान सिन्नरचा, त्याला भाषण छोटं हवं होतं. कृषिमंत्री निफाडची, तिला कांद्याच्या निर्यातीवर सविस्तर बोलायचं होतं. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठल्यावर लागलेलं ४० टक्के निर्यातशुल्क, मग २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द. हे सगळं तिला तोंडपाठ, कारण घरचा माल लासलगावला जातो. पंतप्रधानाने तिचं पान अर्ध्या ओळीवर आणलं: 'माझ्या सरकारने शेतकऱ्यांच्या हिताचे निर्णय घेतले आहेत.' ती चिडली. मी मध्ये पडले नाही. मंत्रिमंडळाने ठरवलं की मंत्र्याला ते मानावं लागतं, हे तिला आयुष्यभर लक्षात राहील.

मग मसुदा राष्ट्रपतींकडे गेला. दुसऱ्या दिवशी ती तो घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी. पाण्याच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ मारलेली होती. त्यात लिहिलं होतं की ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमधून प्रत्येक ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचं काम माझ्या सरकारने गावोगावी पोचवलं आहे.

ती म्हणाली, 'मॅडम, आमच्या पाड्यावर तोटी बसवली आहे. होळीनंतर तिला पाणी येत नाही. आई अजून विहिरीवर जाते. हे मी वाचू?'

पेठ-सुरगाण्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना उन्हाळ्यातला टँकरही माहीत असतो. तिचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतंच. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. तिचा प्रश्न, तिच्या परवानगीने, वर्गासमोर ठेवला. राष्ट्रपतींनी न पटणारा परिच्छेद गाळावा का?

राज्यांत असं घडलेलं आहे. १९६९ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी अभिभाषणातले दोन परिच्छेद वाचले नाहीत. आदल्या सरकारच्या त्यांनीच केलेल्या बरखास्तीवर त्यांत टीका होती. जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूत राज्यपाल आर. एन. रवी यांनी मसुद्यातले काही भाग सोडले, आणि राष्ट्रगीताच्या आधीच ते सभागृहातून निघून गेले. वर्गात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, खोटं वाचायचं कशाला, गाळ. बाकीचे म्हणाले, तिने गाळलं तर सरकार काय म्हणतंय हेच सभागृहाला कळणार नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. राष्ट्रपतींना सभागृहात कुणी जाब विचारू शकत नाही. जाब विचारता येतो तो मंत्र्यांना. मंत्र्यांनी लिहिलेलं वाक्य राष्ट्रपतींच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं, की ते सरकारला चिकटतं. तिथून मागे घेता येत नाही. ते गाळलं तर सरकारची सुटका होते. उद्या कुणी विचारलं तर पंतप्रधान म्हणेल, असं आम्ही कुठे म्हटलं होतं? तेव्हा वाचावं, पूर्ण वाचावं, आणि सगळ्यांनी नीट ऐकावं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'ठीक आहे. पण मग आमचं म्हणणं कोण मांडणार?'

मी म्हटलं, 'अर्ध्या तासाने सदस्य मांडतील.'

तोपर्यंत माझ्या हट्टाचं कारण मलाही इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून दुसऱ्या बैठकीबद्दल मी कुणाशीच तडजोड केली नाही.

तयारीचं बाकी लवकर सांगते. मंडपवाल्याकडून लाल मॅटिंग आणलं, सभागृहाच्या दारापासून मंचाच्या पायरीपर्यंत. दारात स्वागताला कोण हे ठरलेलं असतं: सभापती, पंतप्रधान, अध्यक्ष, संसदीय कार्यमंत्री आणि दोन्ही महासचिव. प्रत्येकाच्या पायाखाली खडूची खूण केली. पुढच्या रांगेत मंत्री आणि विरोधी पक्षनेते. ढोल पथकातल्या मुलांना राष्ट्रपतींच्या आगमनाला नाशिक ढोल वाजवायचा होता, आणि ते ऐकायलाच तयार नव्हते. संसदेत आगमनाची सूचना तुताऱ्यांच्या छोट्याशा गजराने होते. तो गजर संपला की सभागृह एकदम शांत होतं, आणि मला ती शांतता हवी होती. शेवटी एनसीसीच्या एका कॅडेटने बिगुल वाजवला. ढोल संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर, मैदानात वाजला आणि मनसोक्त वाजला.

शिस्तीचा भाग मुलांना जड गेला. अभिभाषण चालू असताना कुणी उठायचं नाही, मधून जायचं नाही, बोलायचं नाही. सभात्यागाची सवय लागलेल्या विरोधी बाकांनी तक्रार केली. मी त्यांना १९६३ चा प्रसंग सांगितला: राष्ट्रपतींच्या अभिभाषणात काही सदस्यांनी व्यत्यय आणला, तेव्हा लोकसभेने चौकशीला समिती नेमली आणि त्या सदस्यांना समज दिली. विरोध करायचा हक्क आहे, त्याची जागा नंतर येते. ऐकून घेतल्याशिवाय दुरुस्ती लिहिता येत नाही, हे सांगितल्यावर दिंडोरीचा विरोधी पक्षनेता वही-पेन घेऊन बसायला तयार झाला.

प्रत्यक्ष दिवशी सभागृह भरलं होतं. पालक आले होते, वसतिगृहातल्या मुली आल्या होत्या. बिगुल वाजला, मार्शलने 'माननीय सदस्य, माननीय राष्ट्रपती' अशी घोषणा केली आणि सगळे उभे राहिले. मिरवणूक मॅटिंगवरून मंचाकडे आली. पंतप्रधान आपल्या जागी गेला, ती तिघं वर चढली. राष्ट्रगीत झालं. मग ती उभी राहून वाचू लागली.

मी बाजूच्या खांबापाशी होते, हातात मसुद्याची प्रत. तिने एकही शब्द सोडला नाही. शेतकऱ्यांच्या हिताच्या अर्ध्या ओळीला निफाडच्या मंत्र्याने मान खाली घातली. पाण्याचा परिच्छेद आला तेव्हा तिने पान उलटलं, माईक किंचित जवळ घेतला आणि तोच वेग, तोच आवाज ठेवून वाचलं: 'माझ्या सरकारने गावोगावी पोचवलं आहे.' विरोधी बाकांवर पेनं चालू लागली. मला वाटतं, आवाजात नाटक न आणता तिने जे केलं ते त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम होतं. सभापतींनी हिंदी आवृत्तीचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचला. संसदेतही राष्ट्रपती हिंदीत बोलले की राज्यसभेचे सभापती इंग्रजी आवृत्ती वाचतात, अलीकडे बहुधा सुरुवात आणि शेवटच. पुन्हा राष्ट्रगीत, पुन्हा मिरवणूक, आणि राष्ट्रपती दाराबाहेर.

टाळ्या कडाडल्या. पाहुणे उठले. चहाची किटली तयार होती. 'छान झाला कार्यक्रम,' म्हणत लोक हात मिळवू लागले.

मी माईक घेतला आणि सांगितलं की बरोबर अर्ध्या तासाने लोकसभा याच सभागृहात आणि राज्यसभा वरच्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये बसेल, चहा घेऊन कृपया परत या. काहीजण गेले. बरेचसे थांबले. प्राचार्य थांबले, याचं मला विशेष वाटलं.

संसदेत असंच होतं. अभिभाषण संपल्यानंतर अर्ध्या तासाने दोन्ही सभागृहं वेगवेगळी बसतात आणि महासचिव अभिभाषणाची प्रत पटलावर ठेवतात. दूरदर्शनवर बग्गी दिसते, हा कागद ठेवण्याचा क्षण कुणी बघत नाही. पण माझ्या लेखी अभिभाषण तिथे पुरं होतं. तोवर ते फक्त ऐकलेलं भाषण असतं. पटलावर आलं की ते सभागृहाचं दप्तर होतं, त्यातल्या प्रत्येक वाक्यावर बोलता येतं. आमची लोकसभेची महासचिव, देवळालीची एक शांत मुलगी, उभी राहिली आणि म्हणाली, 'महोदय, आज संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर राष्ट्रपतींनी केलेल्या अभिभाषणाची प्रत मी सभागृहाच्या पटलावर ठेवते.' हिरव्या टेबलक्लॉथवर तिने तो गठ्ठा ठेवला, डाव्या कोपऱ्यात दोरी बांधलेला, आणि कडा बोटांनी सरळ केल्या. मग बसली.

आभारप्रदर्शनाचा प्रस्ताव सत्ताधारी बाकावरचा एक सदस्य मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. संसदेत यावर काही दिवस चर्चा चालते. आम्ही ती त्याच दुपारी आटोपली. चर्चेला मर्यादा दोनच: ज्या गोष्टींची थेट जबाबदारी केंद्र सरकारवर नाही त्या काढायच्या नाहीत, आणि वादात राष्ट्रपतींचं नाव ओढायचं नाही. कारण मजकूर सरकारचा आहे. बाकी मैदान मोकळं. दुरुस्त्यांची भाषाही ठरलेली असते. प्रस्तावाच्या शेवटी शब्द जोडायचे: 'परंतु अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही याचा खेद वाटतो.'

लोकसभेत कांद्यावरची दुरुस्ती आली. निर्यातीचं धोरण वारंवार बदलल्याने शेतकऱ्यांचं जे नुकसान झालं त्याचा उल्लेख नाही याचा खेद. गंमत म्हणजे कृषिमंत्र्यालाच तिच्या विरोधात बोलायचं होतं. ती बोललीही, सरकारची बाजू मुद्देसूद मांडली, आणि आवाजी मतदानात दुरुस्ती पडली. लोकसभेत ती मंजूर झाली असती तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असाच तिचा अर्थ लावला गेला असता.

राज्यसभेत चित्र वेगळं होतं. तिथे विरोधकांचं बहुमत आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. पाण्याची दुरुस्ती मांडली सुरगाण्याच्या एका मुलीने. राष्ट्रपती झालेल्या मुलीची वसतिगृहातली खोलीतली मैत्रीण. मसुद्याबद्दल दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. ती कागद न बघता बोलली. टाकी आहे, पाइप आहे, तोटी आहे, मोजणीत आमचं घर धरलं आहे. एप्रिलमध्ये बायका विहिरीत उतरतात आणि तळाचं पाणी वाटीने हंड्यात भरतात. अभिभाषणात जोडण्या मोजल्या आहेत, पाणी मोजलेलं नाही, म्हणून खेद वाटतो. एवढंच म्हणून ती बसली. हॉलमध्ये पालकांतून कुणीतरी 'बरोबर' म्हणालं, आणि सभापतींना प्रेक्षकांना ताकीद द्यावी लागली.

पंतप्रधानाने उत्तर दिलं. त्याने आकडे फेकले नाहीत. जोडणी आणि पुरवठा यांत फरक आहे हे मान्य केलं, उन्हाळ्यातल्या पुरवठ्याची वेगळी नोंद ठेवू असं आश्वासन दिलं आणि दुरुस्ती मागे घ्यायची विनंती केली. तिने नकार दिला. सभापतींनी आवाजी मत घेतलं, सत्ताधाऱ्यांनी मतविभागणी मागितली, हात मोजले, दुरुस्ती मंजूर झाली. सिन्नरच्या पंतप्रधानाचा चेहरा पडला. तो माझ्याकडे आला आणि हळूच विचारलं, 'मॅडम, मी राजीनामा द्यायचा?'

नाही. राज्यसभेतल्या पराभवाने सरकार पडत नाही, कारण मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते लोकसभेला. पण नोंद कायमची राहते. खऱ्या राज्यसभेत असं १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ मध्ये घडलं आहे. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती. २००१ मध्ये बाल्को कंपनीची निर्गुंतवणूक हा विषय होता, २०१६ मध्ये राजस्थान आणि हरयाणातल्या पंचायत निवडणुकांसाठी घातलेली शिक्षणाची अट. या पाच वर्षांची अभिभाषणं आज फारशी कुणाच्या लक्षात नाहीत, त्यांना जोडलेल्या दुरुस्त्या मात्र अजून चर्चेत निघतात. हे ऐकून त्याला हायसं वाटलं की नाही, सांगता येत नाही. तो परत गेला आणि सुरगाण्याच्या त्या मुलीशी बराच वेळ बोलत उभा राहिला, पेठला उन्हाळ्यात टँकर कुठून येतो याबद्दल.

एक शेवटचं कामकाज उरलं होतं, तेही मी सोडलं नाही. आभाराचा प्रस्ताव मंजूर झाला की तो राष्ट्रपतींना कळवतात, राष्ट्रपती त्यावर उत्तरादाखल संदेश पाठवतात आणि तो सभागृहात वाचून दाखवतात. आमच्या राष्ट्रपती दुपारभर ग्रंथालयात बसल्या होत्या, कारण चर्चेला त्या हजर राहू शकत नाहीत. राज्यसभेचा कागद त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यात प्रस्तावाखाली पाण्याची ओळ जोडलेली होती. तिने ती दोनदा वाचली. मग विचारलं, संदेशात आपलं एक वाक्य घालता येईल का. मी पंतप्रधानाकडे बोट दाखवलं. त्याने मसुदा पाहिला, थोडा विचार केला आणि नाही म्हणाला. संदेश ठरलेल्या शब्दांतच गेला: सदस्यांनी व्यक्त केलेले आभार मला समाधानपूर्वक मिळाले.

पुढच्या वेळी राज्यपालांचं अभिभाषण करायचं ठरलं आहे. अनुच्छेद १७६, आपली विधानसभा २८८ आणि विधानपरिषद ७८ सदस्यांची, आणि नाशिक जिल्ह्याचे १५ विधानसभा मतदारसंघ, म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या मुलांना आपला आमदार होता येईल. पेठची विद्यार्थिनी तोवर एम.ए.ला असेल. तिने आत्ताच सांगून ठेवलं आहे की राज्यपालपद दुसऱ्या कुणाला द्या, तिला विरोधी बाकावर जागा हवी आहे.